मुंबईकरांसाठी स्नॉर्केलिंग: तिथी बघून प्रवाळ आणि रंगीत मासे कसे पाहावेत

स्नॉर्केलिंग म्हणजे डोळ्यांवर काचेचा मास्क आणि तोंडात श्वासाची नळी लावून, पाण्यावर तरंगत खालचं बघणं. मुंबईच्या समुद्रात ते होत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पाणी गाळाने गढूळ, त्यात शहराचं सांडपाणी. पाण्यात हात लांब केला तर स्वतःची बोटं दिसायची मारामार. कोणी जुहूला किंवा गोराईला 'कोरल रीफ' दाखवतो म्हणाला, तर पैसे खिशातच ठेवा. पण मुंबईत प्रवाळ आहेत. ते ओहोटीला कोरड्या पायांनी, म्हणजे फार तर चिखलाच्या पायांनी, बघता येतात. आणि पाण्यावर पालथं तरंगत, काचेतून रंगीत मासे बघायचे असतील तर रात्रीच्या गाडीने मालवण गाठता येतं. हे दोन्ही जमवायला मास्कच्याही आधी भिंतीवरचं कालनिर्णय लागतं. आपल्या किनाऱ्यावर महागडं सामान घेऊन चुकीच्या दिवशी गेलेला माणूस हिरवट धुकं बघून परत येतो, आणि भाड्याचा मास्क घेऊन बरोबर दिवशी गेलेला खूश होतो. म्हणून या लेखात दिवस कसा निवडायचा यावर सर्वांत जास्त लिहिलं आहे.

कुठे जायचं

मुंबईहून पहिल्यांदाच जाणाऱ्याने मालवण धरावं. सिंधुदुर्ग किल्ला ज्या कुरटे बेटावर उभा आहे त्याच्याभोवतीचा कातळ, आणि किनाऱ्याजवळचे पाण्याखालचे खडक, यांवर प्रवाळं वाढलेली आहेत. १९८७ साली इथे २९.१२ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. खोली बेताची, होडीने पाच-दहा मिनिटांचं अंतर, आणि सकाळच्या वेळी लाटांचा त्रास कमी. अपेक्षा मात्र ताळ्यावर ठेवा. जाहिरातीतलं निळंशार पाणी मालवणला नसतं. चांगल्या दिवशी तीन-चार मीटरवरचा मासा स्वच्छ दिसतो. इथली प्रवाळं बहुतेक ढेपेसारखी किंवा खडकाला पापुद्र्यासारखी चिकटलेली असतात, काही पानांसारखी पसरट. हरणाच्या शिंगांसारख्या फांद्यांची जंगलं बघायची असतील तर लक्षद्वीप किंवा अंदमान.

लक्षद्वीप म्हणजे खरीखुरी प्रवाळबेटं. आत उथळ, शांत सरोवरासारखं पाणी आणि बाहेर एकदम खोल समुद्र. तिथे जायला प्रवेशपरवाना लागतो, आणि वाट बहुतेक कोचीवरून, जहाजाने किंवा अगत्ती बेटाच्या विमानाने. सगळं मिळून खर्च बराच होतो. माझं मत विचाराल तर नळीतून श्वास घ्यायची सवय नसताना लक्षद्वीपला जाऊ नये. पहिले दोन दिवस खोकण्यात जातात.

विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरहून अधिक किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची. समाजमाध्यमांवर तिची चित्रं फिरतात आणि लोक चौकशी करतात. ते बुडालेलं पठार आहे, त्याचा माथासुद्धा वीसेक मीटर खाली. नळी लावून वरून बघण्याची ती जागा नाही.

तिथी बघा

कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. पंचमीला मुंबईत पावणेचारच्या सुमाराला पूर्ण भरती, पहाटे एकदा आणि दुपारी एकदा. त्यात सव्वासहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी, म्हणजे दहाला. शुक्ल आणि कृष्ण, दोन्ही पक्षांना हाच हिशेब लागतो. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, त्यामुळे भरतीही तितकीच पुढे सरकत जाते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात तपासा. तरी पुढच्या महिन्यातली कोणती सुट्टी कामाची आहे हे चहा पिता पिता ठरवायला हा हिशेब पुरतो.

दुसरी गोष्ट उधाण आणि भांग यांची. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण: पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. मुंबईत मोठ्या उधाणाला हा फरक पाच मीटरच्या आसपास जातो. अष्टमीच्या आसपास भांग: पाणी कमी चढतं, कमी उतरतं. दोन्हींचा जोर त्या त्या तिथीनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत जास्त जाणवतो.

यातून दोन वेगळी उत्तरं निघतात, आणि पहिल्यांदा जाणारा नेमकी त्यांचीच गल्लत करतो.

मुंबईच्या कातळावर चालत प्रवाळ बघायचं असेल तर उधाणाची ओहोटी हवी, कारण तेव्हाच सर्वांत खालचा कातळ उघडा पडतो. द्वितीया-तृतीया उत्तम. तृतीयेला भरती सव्वादोनला, म्हणजे ओहोटी सकाळी साडेआठला. उजेडही चांगला आणि ऊन कोवळं.

मालवणला पाण्यात उतरायचं असेल तर नेमकं उलट, भांगाचे दिवस. पाण्याची ये-जा कमी म्हणजे ओढ कमी, आणि तळाचा गाळही ढवळला जात नाही. शिवाय भरतीच्या माथ्यावर या, तेव्हा बाहेरचं स्वच्छ पाणी किनाऱ्याकडे आलेलं असतं. मालवणला भरती मुंबईच्या साधारण तासभर आधी येते. दशमीला मुंबईचा हिशेब साडेसात, म्हणजे मालवणला साडेसहा. द्वादशीला मुंबई नऊ, मालवण आठ. म्हणून मी दशमी ते द्वादशी हे तीन दिवस धरतो. एकादशीचा उपवास असणाऱ्यांनी साबुदाण्याची खिचडी मात्र पाण्यातून बाहेर आल्यावर खावी, कारण पुढे सांगतो.

सकाळच का? रात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा सकाळपर्यंत असतो, तेव्हा पाणी सपाट राहतं. अकराच्या सुमाराला खारा वारा सुटतो, पृष्ठभागावर चुळबुळ सुरू होते आणि नळीत पाणी शिरायला लागतं. साडेदहापर्यंत आटपलेलं बरं.

महिना म्हणाल तर डिसेंबर ते मार्चचा पूर्वार्ध. ऑक्टोबरात पावसाळ्याचा गाळ पुरता बसलेला नसतो. एप्रिल-मे चालतो, पण गर्दी मरणाची आणि वारा बेभरवशाचा. २०२२ च्या मे अखेरीस तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला होता, हे विसरू नका. मे संपता संपता जलक्रीडा बंद होतात त्या ऑगस्ट अखेरपर्यंत. त्या काळात 'ओळखीने नेतो' म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नका.

पहिला धडा मुंबईतच

मालवणच्या आधी एक सकाळ मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर घालवा. प्रवाळ म्हणजे काय हे जवळून, उभ्याने, घाई न करता बघितलेलं असलं की पाण्यात तरंगताना डोळा बरोबर जागी जातो. हाजीअली, वांद्र्याचा कार्टर रोड, जुहू कोळीवाड्याकडचा खडकाळ भाग या नेहमीच्या जागा. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा गट २०१७ पासून किनाऱ्यावर माहितीफेऱ्या काढतो. पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेलेलं उत्तम, कारण एकट्याने गेलात तर समोर असलेलंही दिसत नाही. कोस्टल रोडच्या भरावाने हाजीअली-वरळीकडच्या किनाऱ्याची ठेवण बदलली आहे, त्यामुळे उतरायची जुनी वाट गृहीत धरू नका.

ओहोटीच्या तासभर आधी पोहोचा, म्हणजे उतरत्या पाण्यामागून चालता येतं. पाणी परत फिरलं की तुम्हीही फिरा. बूट जुने पण घट्ट घाला, चप्पल शेवाळावर घसरते. आधी डबक्याच्या काठाशी उकिडवे बसा आणि दोन मिनिटं काही करू नका. निवटी उडी मारून पळालेली असते, ती परत येते. शंख चालायला लागतो, म्हणजे आत खेकडा आहे हे कळतं. मग कातळावर तळहाताएवढी एखादी मातकट, करडी ढेप शोधा. दुरून दगडच वाटेल. नाक जवळ नेलं की वर चांदणीच्या आकाराचे खळगे दिसतात, एकाला एक लागून. प्रत्येक खळगा म्हणजे एक जीव, पॉलिप. हेच फॉल्स पिलो कोरल, मुंबईच्या गढूळ पाण्यातही तग धरणारं. शेजारी हिरव्या-तपकिरी बटणांचा गालिचा अंथरल्यासारखा दिसला तर ते झोअँथिड, प्रवाळांचेच नातलग. त्यांना हात लावून तो हात डोळ्यांना लावू नका, काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असतं.

कडक प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. तुटलेला तुकडासुद्धा घरी आणायचा नाही. कोस्टल रोडच्या कामाआधी, २०२० मध्ये, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी हाजीअली-वरळीकडच्या प्रवाळवसाहती कातळासकट उचलून दुसरीकडे हलवल्या, त्यातल्या काही नेव्ही नगरला. एवढा खटाटोप का, तर ढेपेसारखं प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं. फुटबॉलएवढी ढेप तुमच्यापेक्षा वयाने मोठी नसली तरी तुमच्या मुलांपेक्षा मोठी असू शकेल. पाय टेकवताना हे लक्षात असू द्या.

मास्क घेताना

बाकी सगळं भाड्याने चालेल, मास्क स्वतःचा घ्या. दुकानात पट्टा मागे न ओढता मास्क नुसता चेहऱ्याला लावा, नाकाने हळूच श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क चेहऱ्याला धरून राहिला तर तो तुमचा. घसरला किंवा कुठून बारीक फुस्स ऐकू आलं, तर कितीही छान दिसत असला तरी परत ठेवा. कपाळावरचे केस आत अडकू देऊ नका. दाट मिशी असेल तर नाकाखालून पाणी झिरपणारच. मिशीवर थोडं सिलिकॉन ग्रीस लावतात किंवा वरची रेघभर कापतात. व्हॅसलिन टाळा, सिलिकॉन खराब होतं. नाक काचेच्या आत झाकलं गेलं पाहिजे. पोहण्याचा चष्मा इथे कामाचा नाही.

चष्मा असणाऱ्यांना नंबरच्या काचांचे मास्क मिळतात. दोन्ही डोळ्यांचा नंबर जवळपास सारखा असेल तर तयार काचेवर भागतं. पाण्यात वस्तू एक तृतीयांश मोठी आणि एक चतुर्थांश जवळ दिसते, त्यामुळे किरकोळ नंबरवाल्यांना काही न करताही चालून जातं.

नव्या काचेवर कारखान्यातला थर असतो आणि तो असेपर्यंत काच धुरकट होत राहते. साधी पांढरी टूथपेस्ट लावून आतून बोटाने चांगली घासा, धुवा, पुन्हा घासा. पाण्यात उतरण्याआधी काचेला आतून थुंकी लावायची आणि समुद्राच्या पाण्याने एकदा खळबळायची. किळस वाटत असेल तर बेबी शाम्पूचा एक थेंब.

नळी साधी घ्या, चाळीसेक सेंटिमीटरच्या आतली. लांब नळी लावून खोल बसता येईल असं वाटतं, पण पाण्याच्या दाबाने छाती फुलत नाही आणि वापरलेली हवा नळीतच अडकून पुन्हा आत येते. पूर्ण चेहरा झाकणारे मास्क हल्ली खूप दिसतात. नवख्याला ते सोपे वाटतात, पण स्वस्त नकलांमध्ये उच्छ्वासाची हवा बाहेर नीट जात नाही, आणि घाबरल्यावर तो चटकन काढता येत नाही. मी तो वापरू नका म्हणेन.

उघड्या पाठीवर ऊन फार लागतं, कारण पाण्यात गारवा असल्याने कळतच नाही. लांब बाह्यांचा अंगाला घट्ट बसणारा टीशर्ट घाला, म्हणजे सनस्क्रीन फक्त मानेला आणि पोटऱ्यांना लागतं. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट ही द्रव्यं प्रवाळाला बाधतात म्हणून हवाईने २०२१ पासून अशा सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी घातली. डब्यावरची घटकांची यादी वाचा आणि झिंक ऑक्साइडचं घ्या.

तलावात सराव

शिवाजी पार्कचा महात्मा गांधी तलाव असो की तुमच्या सोसायटीचा, मास्क आणि नळी आत नेऊ देतात का ते जीवरक्षकाला आधी विचारा. पोहता येत नसेल तरी उथळ बाजूला काठ धरून एवढं करता येतं.

पहिल्या दिवशी नुसता श्वास. तोंडाने आत, तोंडाने बाहेर, सावकाश. चेहरा पाण्यात गेला की शरीर आपोआप श्वास रोखतं, ती सवय मोडायला वेळ लागतो. दोन-तीन आकडे मनात मोजत उच्छ्वास लांबवा. घाईघाईचे छोटे श्वास घेतले तर धाप लागते आणि माणूस डोकं वर काढतो.

मग नळीतलं पाणी काढणं. नळी मुद्दाम बुडवा, डोकं वर आणा आणि 'टू!' म्हटल्यासारखा जोरात फुंकर मारा. पुढचा श्वास जपून, जिभेचं टोक आडवं धरून घ्या. थोडं पाणी राहिलेलं असतंच. हे न घाबरता सलग जमायला लागेपर्यंत समुद्राचा विचार नको.

मास्कमधलं पाणी काढताना लोक पट्टा ओढत बसतात. वरची कड बोटाने कपाळावर दाबा, मान किंचित वर करा आणि नाकाने हवा सोडा. पाणी खालून निघून जातं. जमलं की मुद्दाम अर्धा मास्क भरून पुन्हा करा.

पायातले फिन, म्हणजे बदकाच्या पायांसारखे रबरी पंजे, वापरणार असाल तर पाय मांडीपासून हलवा, गुडघ्यातून सायकल चालवू नका. फिन पाण्यावर आपटत राहिले की मासे पळतात, आणि शेजारच्याच्या मास्कवरही बसतात.

मालवणची होडी

दादर किंवा सीएसएमटीहून कोकण रेल्वेच्या रात्रीच्या गाडीने सकाळी कुडाळ, तिथून एसटीने किंवा रिक्षाने मालवण, तीसेक किलोमीटर. गाडीत झोप नीट होत नाही, म्हणून त्याच दिवशी पाण्यात उतरू नका. त्या दिवशी दांडी किनाऱ्याकडे मोरयाचा धोंडा बघा. १६६४ साली सिंधुदुर्गाचं भूमिपूजन झालं ती ही जागा. परतताना होडीवाल्यांशी बोलून ठेवा. संध्याकाळी त्यांना सवड असते, सकाळी नसते.

बोलताना भावाच्या आधी काही गोष्टी विचारा. महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाचा परवाना आहे का. प्रत्येकाला मापाचं लाइफ जॅकेट मिळेल का, लहान मुलासाठी लहान. पाण्यात कोण उतरणार आणि एका माणसामागे किती जण. आणि माझा आवडता प्रश्न: "दादा, नांगर खंय टाकतास?" "वाळूत टाकतंव, खडकार नाय," असं उत्तर पटकन आलं तर माणूस जागा ओळखून आहे. नांगर प्रवाळावर पडला की काही दशकांची वाढ एका खेपेत उखडते.

इथे खपणारं स्नॉर्केलिंग बहुतेक ठरावीक असतं: रबरी रिंग धरायची, मार्गदर्शक ओढत नेणार, पाव किंवा बिस्किट टाकून मासे गोळा करणार, व्हिडिओ काढणार, पंधरा मिनिटांत परत. मासे दिसतात, नाही असं नाही. पण दिसतो तो पावावर तुटून पडलेला एकाच जातीचा घोळका. पाव टाकू नका असं आधीच सांगा, आणि दोन-तीन जणांनी मिळून पूर्ण तासाची होडी ठरवा. थोडे जास्त पैसे पडतील, पण खडकाजवळ शांत थांबता येईल. खडकावर उभं राहून फोटो काढायचा आग्रह झाला तर सरळ नाही म्हणा.

होडीवाल्याने "आज पानी गढूळ आसा, उद्या सकाळी येवा" म्हटलं तर त्याच्याशी वाद घालू नका. गिऱ्हाईक परत पाठवणारा माणूस तुमच्या फायद्याचं बोलतो आहे. यासाठीच हातात एक दिवस जादा ठेवून या.

बोट लागत असेल तर होडीच्या मधोमध बसा आणि नजर लांब क्षितिजावर ठेवा. मोबाइलमध्ये डोकं घातलं की मळमळ आलीच. सकाळी हलकं खा: एखादं केळं, कोरडा टोस्ट. तेलकट किंवा जड नको, खिचडीबद्दल म्हणत होतो ते हेच. उलटी थांबवणाऱ्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते आणि पाण्यात सुस्ती चालत नाही, म्हणून डॉक्टरांना विचारूनच घ्या. दमा, हृदयविकार, फिट्स किंवा नुकतीच कानाची तक्रार असेल तरी आधी डॉक्टर. दारू घेतलेल्याला होडीत घेऊ नका, मग तो मेहुणा का असेना.

पाण्यात उतरल्यावर

होडीच्या काठावर बसा, मास्क आणि नळी लावून मगच हळू उतरा. उडी नको, खाली खडक किती वर आलाय ते दिसत नाही. उतरल्यावर होडीची दोरी किंवा काठ धरून चेहरा पाण्यात घाला आणि श्वास जागेवर येईपर्यंत तिथेच राहा. हे मिनिटभर वाया गेल्यासारखं वाटतं, पण पुढचा सगळा वेळ त्यावर ठरतो.

लाइफ जॅकेट तुम्हाला उभं करायला बघतं आणि उभं राहिलं की पाय खडकावर आपटतात. हात पुढे सैल सोडा, हनुवटी थोडी खाली, नजर सरळ तळाकडे. शरीर आडवं होतं. पोहता येत असलं तरी पहिल्या दिवशी जॅकेट काढू नका.

जोडीने राहा, हाताच्या अंतरावर. दर थोड्या वेळाने डोकं वर काढून होडी कुठे आहे बघा. मासे बघता बघता माणूस सहज वाहत जातो. आधी ओढीच्या विरुद्ध जा, दमल्यावर तीच ओढ होडीकडे आणते.

जॅकेटशिवाय बुडी मारून बघणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. दोन मीटरवरसुद्धा कानावर दाब येतो, तो येण्याआधीच नाक दाबून हवा कानात ढकला. दुखलं तर वर या. आणि जास्त वेळ खाली राहता यावं म्हणून आधी भराभर दीर्घ श्वास घेऊ नका. त्याने प्राणवायू वाढत नाही, फक्त श्वास घ्यायची निकड उशिरा जाणवते, आणि चांगले पोहणारेसुद्धा पाण्यात बेशुद्ध पडतात.

मासे कसे दिसतात

माशांमागे पोहू नका. एक बरा खडक निवडा, त्याच्या बाजूला दीड-दोन मीटर अंतर ठेवून स्थिर तरंगा आणि दोन-तीन मिनिटं काहीही करू नका. मुंबईच्या डबक्याकाठी जे केलं तेच. आधी उघड्यावरचे धीट मासे येतात, मग कपारीतले डोकावतात.

सर्वांत आधी भेटेल तो सार्जंट मेजर: तळहाताएवढा, पाच काळे उभे पट्टे आणि पाठीवर पिवळी झाक. एखादा एकटाच, निळसर पडलेला, एकाच जागेभोवती घिरट्या घालताना दिसला तर खडकाच्या त्या भागाकडे नीट बघा. तिथे जांभळट-लालसर डाग असेल, मखमलीसारखा. ती अंडी आहेत आणि हा बाप. आई अंडी घालून गेलेली असते, राखण याच्याकडे. दुसरा मासा जवळ आला की हा अंगावर धावून जातो, तुमच्या काचेवरही येईल. हा एवढा प्रसंग नीट बघितला तरी होडीचे पैसे वसूल. जवळ जाऊन त्याला हुसकावू मात्र नका, तो हलला की बाकीचे अंडी फस्त करतात.

फुलपाखरी मासे पातळ, गोल, चिमटीसारख्या तोंडाचे, बहुधा जोडीने फिरणारे. खरा डोळा काळ्या पट्टीत लपलेला, आणि काही जातींत शेपटीकडे खोटा डोळा. पोपट मासा बघण्याआधी ऐकू येतो: चोचीने खडक खरवडल्याचा करकर आवाज. त्याने चावलेला चुना बारीक वाळू होऊन मागून बाहेर पडतो, तोही दिसेल. कपारीच्या तोंडाशी दगडासारखा स्तब्ध बसलेला, जाड ओठांचा तो हेकरू. अंग फुगवणारा केंड तुम्ही बाजारात कधी विकत घेतला नसेल आणि घेऊही नये, तो विषारी. तांबोशीचा थवा खडकाच्या बाजूने सरकताना दिसला की मात्र मालवणी जेवणाची आठवण येतेच. सापासारखा मोरे ईल तोंड सारखं उघडतो-मिटतो, ते श्वासासाठी, तुम्हाला धमकावण्यासाठी नव्हे. पण कपारीत हात घालू नका. लायनफिशचे पंख देखणे आणि पाठीचे काटे विषारी.

सिनेमातला नारंगी-पांढरा क्लाउनफिश दाखवायचं वचन मुलांना मालवणसाठी देऊ नका. ते लक्षद्वीप-अंदमानला राखून ठेवा.

ओळख पटवताना रंगावर विसंबू नका. पाण्यात लाल रंग सर्वांत आधी विरतो, दोन-चार मीटरवरचा तांबडा मासा करडा दिसतो. अंगाचा आकार, पट्टे उभे की आडवे, शेपटी दुभंगलेली की गोल, एकटा की थव्याने, तळाशी की मधल्या पाण्यात, एवढं लक्षात ठेवलं की बाहेर आल्यावर नाव सापडतं. अंधुक फोटोसुद्धा 'आयनॅचरलिस्ट' या संकेतस्थळावर टाका, जाणकार ओळखून देतात.

प्रवाळ पांढरंफटक दिसलं तर ते सुंदर म्हणून फोटो काढणारे बरेच असतात. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवालं राहतात, तीच त्याला रंग आणि बहुतेक अन्न पुरवतात. पाणी नेहमीच्या उन्हाळ्याहून एक-दोन अंशांनी काही आठवडे जास्त तापलं की शैवालं निघून जातात आणि खालचा चुना दिसतो. लक्षद्वीपने हे १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ मध्ये सोसलं. असं प्रवाळ लगेच मेलेलं नसतं, पाणी निवलं तर सावरू शकतं. म्हणूनच तेव्हा त्याला धक्का लागणं सर्वांत वाईट.

काही बिनसलं तर

पायात गोळा आला तर पाठीवर वळा, पायाचा अंगठा स्वतःकडे ओढा, जोडीदाराला हात वर करून दाखवा. पाणी गिळलं तरी नळी काढून पाठीवर तरंगा, जॅकेट धरून ठेवतं.

जेलीफिश लागली तर चोळू नका आणि गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्या पाण्याने धुवा, चिकटलेले तंतू चिमट्याने काढा. पाकटाचा (स्टिंग रे) किंवा लायनफिशचा काटा लागला तर सोसेल इतक्या गरम, साधारण ४०-४५ अंशांच्या पाण्यात तो भाग अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. पाण्याचा अंदाज दुसऱ्या, न दुखावलेल्या हाताने घ्या, कारण दुखऱ्या भागाला भाजलेलं कळत नाही. काटा खोल रुतला असेल तर उपटू नका, दवाखाना गाठा. पाकट फक्त खोल पाण्यात असतो असं समजू नका: २०१३ च्या गणपती विसर्जनात गिरगाव चौपाटीवर कितीतरी जणांना त्यांनी काटे मारले होते. वाळूत पाय टाकताना उचलून टाकू नका, घासत न्या, पाकट आधीच सरकतो.

श्वासाला त्रास, छातीत दुखणं, अंगावर गांधी उठणं यापैकी काही झालं तर वाट बघू नका, १०८ लावा.

घरी परतल्यावर

मास्क, नळी, फिन गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा. पट्ट्याच्या कडीत मीठ राहिलं तर ती पुढच्या वेळी हातात तुटून येते. सावलीत वाळवा, उन्हात सिलिकॉन पिवळं पडतं. मास्क डब्यात ठेवताना कड मोकळी राहू द्या, दबलेली कड पुन्हा चेहऱ्याला बसत नाही. कानात पाणी राहिलं असेल तर मान वाकवून, लोळकी ओढून काढा, काडी घालू नका. तिथी, होडीची वेळ, पाणी किती स्वच्छ होतं आणि कोणते मासे दिसले हे एका वहीत लिहून ठेवा. दोन-तीन नोंदी झाल्या की कोणत्या तिथीला मालवणची रजा टाकायची, ते त्या वहीतच सापडतं.